शिशिरातली निसर्गचित्रं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

हिवाळा सरत आला की झाडं उघडी पडतात, गवत वाळून पिवळट होतं, बर्फ असलाच तर जागोजागी विरलेला असतो. बरेच जण या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवून बहराची वाट बघतात. आम्हाला ही घाई पटत नाही. याच काळात जमिनीचा आणि झाडांचा मूळ आकार दिसतो. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत; एकच प्रश्न अनेकांनी विचारला होता तिथे तो एकत्र केला आहे.

प्रश्न : समोर पांढराशुभ्र बर्फ असतो, फोटोत मात्र तो राखाडी येतो. कधी कधी चक्क निळा. कॅमेऱ्यात दोष आहे का?

कॅमेरा ठीक आहे. त्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. एक पांढरी चादर आणि एक काळी चादर घेऊन दोन्हींचे वेगवेगळे फोटो ऑटोवर काढून पाहा. दोन्ही जवळपास सारख्याच राखाडी येतील. बर्फाचं तेच होतं.

त्यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण + किंवा - करून बदलणं. फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग उन्हातल्या बर्फाने भरला असेल तर +१.७ पासून सुरुवात करा. ढगाळ उजेडात +१ ते +१.३ बहुधा पुरतं. अर्धा बर्फ आणि अर्धं गडद जंगल असेल तर +०.३ ते +०.७, कारण गडद भाग सरासरी आपोआप खाली ओढतो. स्पॉट मीटरने (फ्रेमचा छोटासा भागच मोजणाऱ्या) नुसता बर्फच मोजत असाल तर साधारण +२ द्या. यामागचा हिशेब जुना आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा पायऱ्या आहेत आणि एक पायरी म्हणजे एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा). मध्यम राखाडी पाचव्या पायरीवर, तर पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या पायरीवर येतो.

हे आकडे सुरुवातीपुरते. फोटो काढला की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघायचाच. आलेख उजव्या कडेजवळ जायला हवा, पण कडेला चिकटायला नको. शक्य असेल तर तिन्ही रंगांचे आलेख वेगळे लावा. कोवळ्या उन्हात लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे तपशील जाऊन कोरा होतो, आणि एकत्रित आलेखात ते लक्षात येत नाही. एकदा फुटलेला बर्फ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधूनही पूर्ण परत येत नाही. किंचित कमी उजळलेला मात्र सहज उचलता येतो.

आता निळ्या रंगाचं. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा उजेड असतो. ती सावली खरोखरच निळी असते. आपली नजर ती परस्पर दुरुस्त करते एवढंच. ऊन आणि सावली दोन्ही फ्रेममध्ये असतील तर व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवा. सगळंच सावलीत असेल तर ६५०० ते ७५००. पण निळा रंग मुळापासून खरडून काढू नका. पिवळसर ऊन आणि निळसर सावली यांच्यातल्या फरकातच थंडी दिसते. सावली पूर्ण राखाडी केली की उन्हातला बर्फ पिवळा पडतो आणि फोटो कसलाच राहत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हिवाळ्याच्या अखेरचा जुना बर्फ धूळ, सालपटं आणि काटक्यांनी खरोखरच मळलेला असतो. त्याला ताज्या बर्फासारखं शुभ्र करायच्या फंदात पडू नये.

प्रश्न : मोकळं, शांत दृश्य डोळ्यांना फार सुंदर वाटतं. फोटो मात्र ओकाबोका दिसतो. चुकतं कुठे?

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची आली, म्हणून जरा सविस्तर.

तिथे उभं असताना गारठा असतो, शांतता असते, पायाखाली करकरणारं गवत असतं. फोटोत यातलं काही येत नाही, फक्त आकार येतात. म्हणून शटर दाबण्याआधी स्वतःला विचारा : हा फोटो कशाचा आहे? ‘त्या वाकलेल्या झाडाचा’, ‘बर्फावर पडलेल्या कुंपणाच्या सावलीचा’ असं एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘या सगळ्याचा’ असं उत्तर येत असेल तर अजून फोटो मिळालेला नाही, थोडं चाला.

मग लेन्स. मोठं मैदान बघून हात आपसूक २४ मिमीच्या वाइड लेन्सकडे जातो आणि तिथेच घोटाळा होतो. वाइड लेन्समध्ये झाड काडीएवढं होतं आणि पायाशी असलेला निरर्थक भाग अर्धी फ्रेम खातो. ७० ते २०० मिमी लावा आणि दृश्यातून एक तुकडा कापून घ्या. वाइड वापरायचीच असेल तर पायाशी दाखवण्यासारखं काहीतरी हवं : वाऱ्याने उठवलेल्या बर्फाच्या लाटा, गोठलेल्या डबक्यातली भेग, गवताचा झुबका.

मुख्य वस्तू किती मोठी असावी? मोकळ्या फ्रेममध्ये उंचीच्या दहाव्या हिश्श्याएवढं झाडही पूर्ण चित्र पेलतं, अट एकच : फ्रेममधली तेवढीच गडद गोष्ट ती असावी. शेजारी त्याच्या निम्म्या आकाराचं काळं झुडूप आलं की नजर दोघांमध्ये हेलपाटे घालू लागते. अशा वेळी झाड बदलू नका, जागा बदला. दोन पावलं डावीकडे सरकलं की झुडूप बऱ्याचदा खोडामागे लपतं.

जागा बदलण्याचं हे काम या फोटोंमध्ये सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील तर बाजूला सरकून मध्ये आकाशाची एक फट येऊ द्या, बोटभर दिसली तरी पुरे. दूरच्या टेकडीची रेघ नेमकी फांद्यांच्या बेचक्यातून जात असेल तर गुडघ्यावर बसा. कॅमेरा खाली गेला की जवळचं झाड क्षितिजाच्या वर सरकतं. उलट, जमिनीवरचा नक्षीदार भाग जास्त हवा असेल तर कॅमेरा डोक्यावर धरा किंवा उंचवट्यावर चढा.

शेवटी चारही कडा फिरून बघा. आत घुसलेली एखादी डहाळी, अर्धा कापलेला दगड, कोपऱ्यातला खांब. भरगच्च दृश्यात हे खपून जातं. इथे फ्रेममध्ये चारच गोष्टी असतात, त्यामुळे पाचवी लगेच खुपते. बर्फाचा राखाडीपणा, सेन्सरवरची धूळ, वाकडं क्षितिज, सगळ्याचं वजन इथे वाढतं. मोकळ्या फोटोत चूक लपवायला जागाच नसते.

आकाश पूर्ण पांढरं आणि जमीनही पांढरी असेल तर क्षितिज नाहीसं होतं आणि झाड तरंगायला लागतं. हा परिणाम सुंदर असतो, पण झाडाच्या पायाशी थोडं गवत, एखादी फिकी सावली, काहीतरी राहू द्या. नाहीतर ते कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं.

प्रश्न : पांढऱ्या आकाशासमोरच्या बारीक फांद्यांना जांभळी कड येते. फोटो मोठा केला की भोवती पांढरं वलयही दिसतं.

हे दोन वेगळे दोष आहेत. जांभळी कड लेन्समुळे येते; अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना जास्त. दोन-तीन स्टॉप बंद करा, एफ/८ला (एफपुढचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ती बरीच कमी होते. फ्रेमच्या कडेला दिसणारी लाल-हिरवी किनार अ‍ॅपर्चर बंद करून जात नाही, ती एडिटिंगमध्ये लेन्स प्रोफाइल लावून काढावी लागते.

पांढरं वलय आपणच तयार करतो. शार्पनिंग आणि क्लॅरिटी जास्त झाली की गडद फांदीच्या कडेला उजळ रेघ उमटते. शार्पनिंगची त्रिज्या ०.५ ते ०.८ पिक्सेलवर आणा आणि आकाशासमोरच्या फांद्यांना क्लॅरिटी देऊच नका. उघड्या झाडात रेषा मुळातच इतक्या असतात की त्यांना आणखी धार लागत नाही.

तिसरा दोष तुम्ही विचारलेला नाही, पण तोही तपासा. खोड स्थिर दिसतं तेव्हाही फांद्यांची टोकं हलत असतात. ट्रायपॉड असला तरी वाऱ्यात शटर स्पीड १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. एफ/१६च्या पुढे जाऊ नका. डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) नेमकी ही बारीक जाळी मऊ पडते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत तर एफ/११नंतरच.

प्रश्न : नेमकं केव्हा जावं? सूर्योदयाला उठणं झालं नाही तर दिवस वाया जातो का?

ते तुम्ही कुठल्या अक्षांशावर आहात यावर अवलंबून आहे. २० फेब्रुवारीच्या सुमारास, उत्तर गोलार्धात, दुपारी सूर्य किती वर येतो ते काढायचं असेल तर ९० मधून तुमचा अक्षांश आणि आणखी ११ वजा करा. ६० अक्षांशावर उत्तर येतं १९ अंश, म्हणजे भर दुपारीही उजेड तिरपा. ४५ वर ३४ अंश, तोही वाईट नाही. २० अक्षांशावर ५९ अंश; तिथे मात्र सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तासच कामाचा.

तिरपा उजेड हवा तो सावल्यांसाठी. सूर्य १५ अंशांवर असताना १० मीटरच्या झाडाची सावली ३७ मीटर पडते, ३० अंशांवर १७ मीटर. पानं नसल्यामुळे ती सावली म्हणजे फांद्यांचं पूर्ण रेखाचित्र असतं. पुष्कळदा झाडापेक्षा तीच बघण्यासारखी. उजेड बाजूने आला तर बर्फाचा आणि नांगरलेल्या मातीचा पोत उठतो, पाठीमागून आला तर वाळलं गवत आणि बर्फाच्या कडा पेटतात. पाठीवर ऊन घेऊन काढलेले फोटो सपाट येतात.

गवतावर जमणारे हिमकण हवे असतील तर मात्र पहाटेला पर्याय नाही. निरभ्र, वारा नसलेली रात्र हवी. अशा रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि माणसाच्या उंचीवरची हवा २-३ अंशांवर असली तरी पात्यांचं तापमान शून्याखाली जातं. ढग असतील तर ते ऊब धरून ठेवतात, मग पहाटे जाऊन काही मिळत नाही. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर असा. ऊन पडलं की हिमकण बघता बघता जातात. ओढ्याच्या सावलीत ते जास्त वेळ टिकतात, म्हणून आधी उघडी बाजू घ्या.

जवळून बघितलं तर हिमकण पात्यावर सारखे पसरलेले नसतात. कडांवर आणि टोकांवर सुयांसारखे उभे राहतात, मध्ये कमी. वाळलेल्या पानाची शीर न् शीर त्यामुळे पांढऱ्या धाग्याने शिवल्यासारखी दिसते. मॅक्रो लेन्सने घेताना कॅमेऱ्याची पाठ पानाला समांतर ठेवा, एफ/८ ते एफ/११, आणि मागे सावलीतला गडद भाग येईल असं बसा. तोंड बाजूला ठेवून श्वास सोडा. एका उच्छ्वासात या सुया विरघळतात.

प्रश्न : बर्फ अर्धवट वितळला की नुसती काळी-पांढरी ठिगळं दिसतात. अशा वेळी काढण्यासारखं काय?

खूप काही, फक्त अख्खं दृश्य एका फ्रेममध्ये घ्यायला जाऊ नका. ठिगळांना कारण असतं, ते शोधा. उताराच्या सावलीकडे, बांधाच्या आडोशाला, नांगराच्या तासांत बर्फ टिकतो. उन्हाच्या बाजूला, काळ्या दगडांभोवती आधी जातो. एकदा हे कळलं की ठिगळांतून जमिनीची घडण वाचता येते. उंचवट्यावरून १०० ते २०० मिमीने नांगरलेल्या शेताकडे बघा : प्रत्येक तासात एक पांढरी रेघ, मध्ये काळी माती.

जवळही बघा. झाडाची काळी साल ऊन शोषते आणि तापते, त्यामुळे बुंध्याभोवती बर्फात गोल खळगा पडतो. त्याच्या तळाशी गेल्या वर्षीची पानं आणि कधी हिरवं शेवाळ दिसतं, भोवती सगळं पांढरं असताना. बर्फावर पडलेलं एकटं वाळकं पानही असंच तापतं आणि स्वतःच्याच आकाराची खोबण करून आत उतरतं. वरून सरळ खाली बघत घेतलेला हा फोटो फारच सोपा आहे आणि तरी फार कमी लोक घेतात.

यासाठी ढगाळ दिवस बरा. उन्हात पांढऱ्या-काळ्यातला फरक आवरत नाही. उन्हातच घ्यायचं असेल तर एक्स्पोजर बर्फाला धरून ठेवा आणि माती नंतर एडिटिंगमध्ये उचला. सकाळी लवकर गेलात तर रात्री पुन्हा गोठलेला वरचा थर कडक असतो, चालता येतं. दुपारी तोच पायाखाली खचतो.

प्रश्न : धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे करत राहतो. काय करावं?

ऑटोफोकसला कॉन्ट्रास्ट लागतो आणि धुकं तोच खातं. फोकस पॉइंट सगळ्यात जवळच्या खोडाच्या कडेवर ठेवा. नाही जमलं तर मॅन्युअलवर जाऊन लाइव्ह व्ह्यू मोठा करून लावा. लेन्स शेवटपर्यंत फिरवून ‘अनंत’ धरू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात. एक्स्पोजर +०.७ ते +१. एडिटिंगमधलं धुरकटपणा काढणारं डीहेझ लावलंत तर ज्यासाठी गेलात तेच पुसलं जाईल. धुक्यात जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागचं जेमतेम असे थर पडतात. खोलीसाठी आणखी काही लागत नाही, फक्त तीन अंतरांवरची झाडं एकमेकांवर येऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. त्याने हे जमेल?

जमेल, पण फोन प्रत्येक गोष्ट उजळ आणि रंगीत करायला बघतो. त्याला आवरावं लागतं. स्क्रीनवर झाडाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. बर्फ राखाडी दिसत असेल तर वर, आकाश कोरं होत असेल तर खाली. बर्फाचा पोत दिसेनासा होण्याच्या जरा आधी थांबा.

वाइड कॅमेऱ्याऐवजी २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. चिमटीने झूम करू नका. फांद्यांचा लगदा होतो. काळ्या आकृतीचा फोटो हवा असेल तर एचडीआर (गडद आणि उजळ दोन्ही भाग सावरणारी सोय) बंद करा, नाहीतर फोन खोडातही उजेड ओततो आणि काळं झाड करडं होतं. रॉची सोय असेल तर लावा. आणि निघण्यापूर्वी लेन्स मऊ कापडाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा उजळ बर्फासमोर सगळा फोटो धुरकट करतो. लोक त्याला धुकं समजतात.

प्रश्न : आमच्याकडे बर्फ पडतच नाही. मग या विषयात आमच्यासाठी काय?

बर्फ नसला तरी मोकळेपणा असतो. पानगळीची झाडं, वाळलेलं गवत, आटत आलेलं पाणी, पहाटेचं धुकं. बर्फ जे काम करतो, म्हणजे पार्श्वभूमी एकसारखी करून एका आकाराला पुढे आणणं, ते धुकं, पांढरं आकाश किंवा स्थिर पाणी करू शकतं. झाडाच्या बुंध्याशी बसून वर कॅमेरा धरला तर आकाशच कोरा कागद होतं. तिथे +१ ते +१.५ द्या.

वाळलं गवत हा तर स्वतंत्र विषय आहे. सूर्य गवताच्या मागे, क्षितिजाजवळ, आणि गवतामागे सावलीतला उतार : या तिन्ही गोष्टी जुळल्या की एक एक काडी उजळते. १०० मिमीच्या पुढची लेन्स, एफ/४ ते एफ/५.६, लेन्स हूड लावलेला. हूड पुरत नसेल तर हाताने लेन्सवर सावली धरा, हात फ्रेममध्ये येत नाही एवढं बघा. कोरड्या दिवसांत हवेत धूळ असते आणि दूरच्या टेकड्या विटतात. त्यांना जबरदस्तीने ठळक करण्यापेक्षा त्या फिक्या थरांचाच उपयोग करा.

प्रश्न : रंगीत ठेवावं की कृष्णधवल करावं? हिवाळ्यात रंग असतातच कुठे?

असतात, फक्त हळू बोलतात. हिवाळा सरताना विलोच्या कोवळ्या फांद्या पिवळ्या होतात, बर्चच्या डहाळ्यांचा दुरून जांभळट धूर दिसतो, ओक आणि बीचच्या काही झाडांवर गेल्या वर्षीची तांबूस पानं अजून लोंबत असतात. अशा फोटोत सॅच्युरेशन वाढवू नका. उलट बाकीचं थोडं कमी करून तेवढा एक रंग राहू द्या.

ठरवायची सोपी युक्ती म्हणजे फोटो कृष्णधवल करून बघा आणि काय हरवलं ते विचारा. काहीच हरवलं नसेल तर तसाच ठेवा. रूपांतर करताना रंगांचे स्लायडर वापरा, नुसतं सॅच्युरेशन शून्यावर नेऊ नका. निळा स्लायडर खाली ओढला की बर्फावरच्या निळ्या सावल्या गडद होतात आणि पोत उठून येतो. फिल्मवर हेच काम पिवळा फिल्टर करतो. फार ओढलं तर आकाश काळं आणि दाणेदार होतं, म्हणून थोडं थोडं.

प्रश्न : आकाशात बारीक करडे ठिपके येतात. पक्षी नाहीत.

सेन्सरवरची धूळ आहे. एरवीही असते, पण पानांच्या गर्दीत दिसत नाही. कोऱ्या आकाशावर आणि बर्फावर दिसते. एफ/१६वर, फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या आणि पूर्ण मोठा करून बघा. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हातपंपाने हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसले की ओली सफाईच करावी लागते. बाहेर वाऱ्यात लेन्स बदलणं टाळा.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत बॅटरी अचानक संपते, आणि घरात आल्यावर लेन्सवर पाणी धरतं.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याला बॅटरी रिकामी वाटते. ती फेकू नका. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा, थोड्या वेळाने बरीच परत येते. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरल्या की सकाळ निघते. गरम पाण्याच्या पिशवीला किंवा शेकोटीला लावू नका.

पाणी धरतं ते घरातल्या उबदार, दमट हवेमुळे. गार काचेला ती हवा लागली की दव जमतं, कधी लेन्सच्या आतही. म्हणून घरात येण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा काढून बंद करा. दव मग पिशवीच्या बाहेरून जमतं. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, दोन तास धरून चाला. फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड आधीच काढून घ्या. नेमका याच घाईत कॅमेरा बिघडतो.

प्रश्न : बर्फात ट्रायपॉड खचतो. आणि गोठलेल्या तळ्यावर जाऊन फोटो घ्यावा का?

मऊ बर्फात पाय पूर्ण फाकवून ट्रायपॉड दाबला तर पाय आणखी फाकू बघतात आणि वरच्या सांध्यावर ताण येतो. तिथेच तो मोडतो. पाय थोडे मिटलेले ठेवून उभा करा आणि मग दाबा, खचताना ते आपल्या जागी येतात. दाबल्यावर अर्धा मिनिट थांबून मग फोटो घ्या. घरी आल्यावर नळ्या उघडून पुसा, आत राहिलेलं पाणी पुढच्या वेळी गोठून सांधे धरतं.

तळ्यावर जाऊ नका. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फ जाड दिसला तरी उन्हाने आतून सुट्या उभ्या स्फटिकांचा झालेला असतो आणि त्याची जाडी बघून ताकद ठरवता येत नाही. भेगा, बुडबुडे, वर साचलेल्या पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं काठावरून टेलिफोटोने मिळतं.

पायांच्या ठशांचंही तेच. कोऱ्या बर्फात एकदा पाऊल पडलं की तो फोटो गेला. आधी लांबून काढा, मग कडेकडेने जवळ जा.

प्रश्न : शेतातलं एकटं झाड रस्त्यावरून नीट येत नाही. आत जायला हरकत काय?

मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. बर्फाखाली पीक असू शकतं, आणि जाणारे तुम्ही एकटे नसता. जपानमध्ये होक्काइदोतल्या बिएई इथे शेतात उभा असलेला वाकलेला पॉप्लर छायाचित्रकारांमुळे प्रसिद्ध झाला. फोटोसाठी शेतात घुसणाऱ्यांचा त्रास थांबेना आणि झाडही जर्जर झालं होतं. मालकाने २०१६च्या फेब्रुवारीत ते तोडलं. रस्त्यावरून ३०० मिमीने घ्या. दुरून घेतल्याने मागची टेकडी जवळ आल्यासारखी दिसते, आणि एकट्या झाडाला ते बहुधा शोभतंच.

प्रश्न : स्क्रीनवर सुंदर दिसणारा बर्फ छापल्यावर कोरा कागद वाटतो.

कारण तो कोरा कागदच असतो. फोटोत शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे शुद्ध पांढरा; २५५ मूल्याच्या जागी प्रिंटर शाई टाकतच नाही. पोत दिसायला हवा तो बर्फ २३५ ते २४८ या दरम्यान ठेवा; २५५ फक्त बर्फाच्या चकाकत्या ठिणग्यांना. स्क्रीनची ब्राइटनेसही तपासा, ती जास्त असली की आपण फोटो नकळत गडद करतो आणि प्रिंट काळवंडतं. ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरे. आकाशाच्या हळुवार छटेत पट्टे येत असतील तर एडिटिंग १६ बिटमध्ये करा आणि शेवटी चिमूटभर ग्रेन घाला. कागद मॅट (चकाकी नसलेला) घ्यावा असं आमचं मत आहे. त्यावर काळा थोडा फिका पडतो, पण बर्फ बर्फासारखा दिसतो. फोटोची पांढरी कड कागदाच्या पांढऱ्यात मिसळत असेल तर भोवती केसाएवढी करडी रेघ आखा, किंवा किंचित गडद माउंट लावा.